डावा कान, उजवा कान

४ तारीख, सोमवार

डाव्या रांगेतल्या माझ्या सोबत्यांनो, आपल्यापैकी एकानेही गेल्या वर्षभरात एक माणूस शेवटपर्यंत ऐकलेला नाही. ऐकण्यासाठी आपल्याला नोकरीवर ठेवलं आहे आणि ऐकणं तेवढं सोडून बाकी सगळं आपल्याकडून करून घेतलं जातं.

बघ, धाकटे. पत्र तुला लिहायला बसले आणि सुरुवात सभेची झाली. तू म्हणायचीस, ताईला दोन माणसं समोर दिसली की व्यासपीठ दिसतं. इथे तर एकही माणूस नाही. तरी वरचं खोडत नाही, कारण ते खरं आहे आणि त्या रांगेतली पहिली खुर्ची तुझी आहे.

मुद्दे पहिल्यापासून मांडायची मला खोड आहे, म्हणून तुला माहीत असलेलंच परत सांगते. रुग्णवाहिका हवी असली की लोक आपल्याला फोन करतात. नियमाच्या कागदावर एका माणसाकडे एका वेळी एक कॉल. प्रत्यक्षात डाव्या कानात एक, उजव्या कानात दुसरा. डाव्याला गाडी येईपर्यंत काय करायचं ते सांगायचं, पाच नंबरची कळ दाबून त्याची लाइन शांत करायची, उजव्याशी बोलायचं, पुन्हा पाच दाबून डाव्याकडे यायचं. शिवाय पडद्यावर ड्रायव्हरचे निरोप, हॉस्पिटलचे निरोप, आपल्या सुपरवायझर मॅडमचे निरोप, आणि ज्यांचं कुणालाच काही नसतं असे नुसतेच निरोप. सगळ्यांना लगेच उत्तर हवं, नाहीतर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो.

गेल्या महिन्यात मी उभी राहून म्हणाले, की यापुढे मी एका वेळी एकच माणूस घेईन आणि गाडी त्याच्या दारात पोचेपर्यंत त्याला सोडणार नाही. टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाट्याचे कॉल तुम्हा सगळ्यांच्या कानात वळवले गेले आणि टाळ्या संपल्या. लॉकरपाशी तू मला गाठलंस आणि एकच वाक्य बोललीस. "ताई, तुझी तत्त्वं माझ्या कानात वाजतात." तेव्हापासून अबोला. मी घरी नसेन ती वेळ बघून तू आईला भेटून जातेस.

मला कुठे बसवलंय ते तुला ठाऊक आहे. हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून ही खोली काढली आहे. दारावर पाटी: एकाग्रता कक्ष. मॅडम हसून म्हणाल्या, एका वेळी एकच काम हवं होतं ना तुम्हाला, बसा आता निवांत. ते एक कामही दिलं नाही. टेबल, खुर्ची, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. फोन दाराशी जमा. पाळी संपेपर्यंत माझं कार्ड या दाराला चालत नाही. बाथरूमला जायचं तर काचेवर टकटक करायची आणि शिपाईदादांना सवड होईपर्यंत बसून राहायचं. नोकरी सोडली तर मी हरले, बसून राहिले तर इथेच वेडी होईन. दोन्हींत सोय त्यांचीच.

पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, छान झालं. तुरुंगात बसून लोकांनी ग्रंथ लिहिले, मी निदान वाचेन तरी. एक जाडजूड पुस्तक आणलं. तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर माझं हसं होईल: मला वाचता येत नाही. अक्षरं दिसतात, ओळ संपते, आणि हात आपोआप खिशाकडे जातो, जिथे फोन नसतो. परत ओळ, परत खिसा. मॅडम काचेतून डोकावल्या की पान उलटते. पाळीभर पानं उलटली. ज्या बाईने वाचनालयाची कपाटं पालथी घातली, जिला हॉलमध्ये सगळे माईकबाई म्हणतात, ती एका परिच्छेदाच्या दारात उभी आहे आणि तिला आत घेत नाहीत.

हे पत्र तुझ्या लॉकरच्या फटीतून टाकते. फोनवर पाठवलं असतं तर चार कामांच्या मधे वाचलं असतंस. कागदाला वाजता येत नाही.

तुझी ताई

७ तारीख, गुरुवार

धाकटे,

तू काल आलीस आणि गेलीस, आईने सांगितलं. पुढचंही सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, मी तिला म्हटलं, काल बाथरूममध्ये पाय घसरला गं, गुडघा सुजलाय. तर ती म्हणते, छान छान. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ का? तर म्हणते, हो, पाठवून दे, मी बघते.

आई हसली म्हणून मीही हसले. तू हातातल्या फोनला उत्तर देत होतीस. आई म्हणाली, तिला काही बोलू नकोस, दिवसभर बिचारी लोकांचं ऐकते, कान भरून जात असतील. मी काही बोलत नाही. फक्त लिहिते. गुडघा बरा आहे.

इथला दिवस सांगू? काल मी भिंतीवर हात आपटला. रागाने नव्हे, काहीतरी वाजावं म्हणून. आज पुस्तक बाजूला ठेवलं आणि ठरवलं, आधी एक गोष्ट पूर्ण ऐकायला शिकायचं, वाचणं मागून. ऐकायला होतं काय? एसीची घरघर. ती सुरू होते तिथून थांबते तिथपर्यंत ऐकायची, एवढाच अभ्यास. तुला वेड वाटेल. पहिल्यांदा मन इतक्या वेळा पळालं की मी त्याला शिव्या घातल्या. मग शिव्या देणं म्हणजेसुद्धा पळणं हे लक्षात आलं. दुपारनंतर एक घरघर मी अथपासून इतिपर्यंत ऐकली. तुझी शपथ, इतका आनंद मला कुठल्या सभेत झाला नव्हता.

आणि मग त्या घरघरीच्या मागे तू ऐकू आलीस.

ही प्लायची भिंत तुझ्या खुर्चीच्या पाठीला लागून आहे. फोन करणाऱ्याचा आवाज येत नाही, तुझा स्वच्छ येतो. मी तुझ्या आवाजाला टेकून बसले. तुला चारकानी म्हणतात ते उगीच नाही; डाव्याला मऊ, उजव्याला करडी, मधे पाचच्या कळेचा टक्, मग पुन्हा मऊ. पण धाकटे, श्वास कुठेच नाही. एका माणसाचा शेवटचा शब्द आणि दुसऱ्याचा पहिला शब्द यांच्यामधे तू श्वास घेत नाहीस. लहानपणी पाण्यात डोकं बुडवून कोण जास्त वेळ राहतं अशी पैज लावायचो, तेव्हा तू अशी राहायचीस. मला भीती वाटायची आणि मी आधी वर यायचे.

मॅडम येऊन गेल्या. म्हणाल्या, हट्ट सोडा, दोन्ही कान लावा, उद्यापासून तुमची जागा तुम्हाला. बोलता बोलता त्यांचं मनगटावरचं घड्याळ थरथरलं, त्या वाक्य अर्धं टाकून निघून गेल्या. उरलेलं अर्धं मीच पुरं केलं: म्हणजे आम्हीही सुटू.

ताई

१२ तारीख, मंगळवार

धाकटे,

हे पत्र आईच्या हातून येतंय. तुझं लॉकर सील केलंय.

काल दुपारी जे झालं ते मी ऐकलं. भिंतीला टेकून, तुझा प्रत्येक शब्द. तू डाव्या कानात मऊ आवाजात म्हणालीस, "बाबांना कुशीवर वळवा, मान मागे, मी इथेच आहे." मग टक्. मग उजव्या कानात, तुझ्या करड्या आवाजात: "हात नळाखाली धरा. पाणी ओता. ओतत राहा, थांबू नका, अजिबात थांबू नका." मी इथे बसून मान डोलावली. भाजलेल्या हाताला हेच सांगायचं असतं. मग तू डाव्याकडे परतलीस, आणि तुझा आवाज मी आजवर कधी ऐकला नव्हता तसा झाला. "काय केलंत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाकीचं मला आज सकाळी कळलं, सगळ्यांबरोबर. पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. मलाही खोलीतून काढून आणलं. आणि मोठ्या स्पीकरवर एकच कॉल वाजवला, डावा. त्यात मुलगा घाबरून विचारतो, मॅडम, बाबा डोळे उघडत नाहीत, तोंडात थोडं पाणी देऊ का? तुझं नळाचं वाक्य त्याच्या प्रश्नाखाली बुडून जातं, आणि मग तुझा आवाज येतो, स्पष्ट, ठाम: पाणी ओता, ओतत राहा, थांबू नका.

त्याने ओतलं. बेशुद्ध बापाच्या तोंडात. तू सांगितलंस म्हणून.

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, म्हातारे गृहस्थ जिवंत आहेत, छातीत पाणी गेलंय, कृत्रिम श्वासावर आहेत. मग म्हणाल्या, निष्काळजीपणाचा याहून स्पष्ट नमुना मिळणार नाही. शिवाय पडद्याच्या नोंदीत दिसतंय की नेमक्या त्या क्षणी ही बाई आनंदाचा सर्व्हे भरत होती. 'आज कामावर तुम्हाला कसं वाटतंय' या प्रश्नाला तिने 'खूप आनंदी' असं उत्तर दिलं आहे.

कुणीतरी मागून 'शी' म्हणालं. आपल्याच रांगेतलं.

मी ओरडले, उजवा कॉल वाजवा, दोन कॉल होते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, आपल्याकडे एका माणसाकडे एकच कॉल असतो, नियमपुस्तक बघा. आणि तुम्ही काय ऐकलं, कुठून ऐकलं? भिंतीआडून? मग मला परत इथे आणून बसवलं.

आई म्हणते तू जेवत नाहीस. म्हणते, ती सारखी एकच बोलते, की माझं बोट चुकलं, मी पाच दाबायला विसरले. धाकटे, टक् मी ऐकला होता. तो मी ऐकला होता.

ताई

१५ तारीख, शुक्रवार

धाकटे,

आईकडून तुझा निरोप मिळाला. 'ताईला सांग, भाषण नको.' बरं. आज भाषण नाही. आज मी जे केलं ते सांगते, आणि ते ऐकून तू चिडशील.

मी तुझ्या खुर्चीत बसले.

मॅडमनी सकाळी विचारलं. जागा रिकामी आहे, कॉल तुंबलेत, दोन्ही कान लावता का? मी हो म्हणाले. स्वतःला सांगितलं की मी पुरावा शोधायला जातेय. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की या खोलीत मला आणखी एक दिवस निघाला नसता. दार उघडून बाहेर बोलावलं असतं तर मी त्यांच्या कुठल्याही खुर्चीत बसले असते.

आणि ऐक, लाज वाटते तरी लिहिते: बरं वाटलं. हेडफोन लावला, पडदा पेटला, ठिपका हिरवा झाला, दोन्हीकडून माणसं मॅडम मॅडम म्हणायला लागली, आणि मला वाटलं, मी आहे. इतके दिवस खिसा चाचपणारा हात एकदम कामाला लागला. कशात अडकलोय आपण ते मला त्या खुर्चीत कळलं. नुसतं दार बंद असतं तर फोडता आलं असतं. हे आपल्याला हवंसं वाटतं. सतत कुणीतरी हाक मारावी, म्हणजे आपण कोण हा प्रश्न पडत नाही.

मग डाव्या कानात एक आजी होत्या, नातीला ताप. मी त्यांना थांबा म्हटलं आणि पाच दाबला, उजव्याकडे वळले, एका माणसाला रस्त्याच्या खुणा विचारू लागले. डाव्या कानातून आजी म्हणाल्या, "बाई, मला काय पेट्रोल पंप विचारता, मी कुठे बाहेर जाते?"

लाइन शांत झालीच नव्हती. आणि मी पाच दाबला होता. मी पडद्याकडे पाहिलं. दुसरं कुणी पाहिलं नसतं, वेळच नसतो. बोट चुकलं म्हणायचं, परत दाबायचं, पुढे जायचं. पण मी आठवडाभर एसीची घरघर ऐकून आलेली बाई. मी हात मांडीवर ठेवले आणि नुसतं पाहिलं. पडद्याच्या मधोमध एक पिवळी चौकट होती, नुकतीच उगवलेली. आज कामावर तुम्हाला कसं वाटतंय? एक ते पाचमधला आकडा दाबा, पाच म्हणजे खूप आनंदी. आणि खाली: 'तुम्ही खूप आनंदी आहात हे कळून आम्हालाही आनंद झाला.'

कळलं का तुला? ती चौकट येते तेव्हा सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहते. त्या क्षणी जी कळ दाबशील ती तिच्या पोटात जाते. तू लाइन शांत करायला पाच दाबलास. तो पाच चौकटीने गिळला. लाइन उघडी राहिली, तुझ्या नावावर 'खूप आनंदी' लागलं, आणि उजव्या कानातली वाक्यं डाव्या कानातल्या मुलाने ऐकली. तुझं बोट चुकलं नाही. तू विसरली नाहीस. ज्या नोंदीवरून ते तुला सर्व्हे भरणारी ठरवतात, तीच नोंद सांगते की तू त्या क्षणी कळ दाबलीस.

मी हेडफोन काढला. त्याआधी आजींना गाडी दारात येईपर्यंत सोडलं नाही. उजवा माणूस शेजारच्या खुर्चीवर दिला, आणि शेजारची मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. जेवणाच्या सुट्टीत रांगेत एकेकाला विचारलं. कधी पाच दाबून लाइन उघडी राहिलीय का? सगळ्यांचं झालंय. प्रत्येकाला वाटलं होतं की आपलंच बोट जड झालं, आपलंच वय झालं, आपल्यालाच हल्ली लक्ष लागत नाही. ही आपली सगळ्यांची कहाणी आहे, धाकटे: आपलं लक्ष कुणीतरी ओढून नेतं आणि आपण स्वतःवर खेकसतो की तू लक्ष का देत नाहीस.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं, या वेळी पूर्ण ऐकलं, घड्याळ थरथरलं तरी. मग म्हणाल्या, "हे तुम्ही म्हणताय. तुमचं भांडण जुनं आहे, तुमचं कोण धरणार? तिने स्वतः म्हटलं तर नोंद होईल. पण ती तर सही करायला तयार आहे." आणि दार लावून घेताना, हळू आवाजात: "मलाही ती चौकट येते हो."

मी परत या खोलीत आहे. आपण होऊन आले नाही, आणलं. पण या वेळी पुस्तक उघडलं तेव्हा एक पान वाचलं. पूर्ण. त्यात काय होतं ते सांगू शकते.

ताई

१७ तारीख, रविवार

धाकटे,

उद्या चौकशी. आईने सांगितलं, कागद तयार आहे. 'निष्काळजीपणा मान्य', खाली तुझी सही, नोकरी राहील, पुन्हा तीच खुर्ची मिळेल. तू आईला म्हणालीस, सही केली की सुटले. कशातून सुटशील? सही केलीस की तू तीच बाई होशील जिने बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायला लावलं. कागदावर नाही, कागदाचं काय, फाटतो. आरशात.

तुला वाटतंय त्याने दोघींपैकी एक तरी टिकेल. मला माहीत आहे तू माझाही विचार करते आहेस. दोघी बाहेर पडलो तर आईचं काय. हा हिशोब मी रोज या खोलीत करते, आणि रोज तो मला याच खोलीत आणून सोडतो. मी खोटा धीर देत नाही. तू बोललीस तर कदाचित आपण दोघी जाऊ. ते म्हणतील, दोन कान तिने आपल्या हौसेने लावले. म्हणू देत.

पण तो मुलगा बघ. हॉस्पिटलच्या बाकावर बसलाय आणि त्याला वाटतंय, मी बापाला बुडवलं. त्याने काय चूक केली? त्याने एका माणसाचं मन लावून ऐकलं. त्या दिवशी त्या सगळ्या गोंधळात पूर्ण लक्ष देऊन ऐकणारा तो एकटाच होता, आणि त्याचीच शिक्षा त्याला झाली. तू सही केलीस तर त्याला सांगितलं जाईल, एका बाईचं लक्ष नव्हतं. ते खोटं आहे. तुझं लक्ष होतं. ते दोघांत कापलेलं होतं, मग तिघांत, मग त्या पिवळ्या चौकटीनेही त्यातला आपला वाटा उचलला. हे त्याला कळलं पाहिजे, आणि उद्या त्या खुर्चीत जी नवी मुलगी बसेल तिलाही, तिच्या डाव्या कानात कुणी श्वास रोखून वाट बघत असण्याआधी.

माझी साक्ष ते घेणार नाहीत. मी भिंतीआडची बाई. तूच आतली आहेस. भाषण नको म्हणालीस, मी तुलाही भाषण करायला सांगत नाही. रडू नकोस, माफी मागू नकोस, माझं नाव घेऊ नकोस, चौकट समजावत बसू नकोस. ते सगळं ध्वनिमुद्रणात आणि पडद्याच्या नोंदीत आहे, वेळेसकट, फक्त कुणी शेजारी शेजारी ठेवलेलं नाही. ते एकच कॉल वाजवतील. तो संपू दे. पूर्ण ऐक, मान खाली घालू नकोस. मग कागद पुढे सरकवतील. हात मांडीवर ठेव, एक श्वास घे, जो तू कधी घेत नाहीस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एवढंच म्हण:

"त्या वेळचा माझा उजवा कॉलही लावा. दोन्ही एकदम."

आणि लावेपर्यंत सही करू नकोस.

तुझी ताई